सातवरून आठला पास

मंगळवार, ७ फेब्रुवारी

पंचवीसपैकी सहा!

भिंगरीनं गणिताचा पेपर दप्तरातून काढला तोच चार घड्या घालून. उलगडत गेले आणि प्रत्येक घडीगणिक माझा चेहरा पडत गेला असणार, कारण ती माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होती. अर्धा पेपर कोरा. खाली बाईंचा लाल शेरा – तोंडी बरं, लेखी कच्चं.

नवरोबा कामावरून आला. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून हाताला ग्रीस, तसाच पेपर धरला. "सहा? एवढे तर हिनं परवाच्या सामन्यात गोल अडवले!" मग म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीबाई. पाच ते सात. सोमवारपासून."

पाच ते सात म्हणजे मैदानाची वेळ. शाळेच्या सातजणींच्या संघात आमची गोलरक्षक. भिंगरी उठली, खुंटीवरचे हातमोजे काढले आणि उशीखाली ठेवून आली. रडली असती तरी चाललं असतं. त्या हातमोज्यांनी माझं डोकं फिरलं.

"महिनाभर मला दे," मी म्हटलं. "मार्चच्या परीक्षेत निम्म्याच्या वर नाही आली, तर मी स्वतः तिला शिकवणीला सोडून येईन."

"तू शिकवणार? गणित?"

"हसलास का?"

"हसलो कुठे? खोकला आला."

ठरलं. तेरा गुण. तेरा आले तर संध्याकाळ तिची, नाही आले तर शिकवणीबाईंची. "करार म्हणजे करार," तो म्हणाला. "लिफ्टला मधला मजला नसतो."

बुधवार, ८ फेब्रुवारी

पहिला दिवस. पाढे म्हणून घेतले. ती टेबलाखाली माझी चप्पल पायानं घोळवत होती. सात सक म्हणेपर्यंत चप्पल कपाटाखाली. "आई, कॉर्नर!"

फजिती. निव्वळ फजिती.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

मालकांनी पुन्हा विचारलं. कारखान्यात नवा विभाग निघतोय, साच्यांचा. "मुख्य तुम्ही व्हा. इतकी वर्षं कवळ्या बनवताय, तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?" मी नेहमीचंच सांगितलं – घरी मुलीचं बघावं लागतं.

खरं कारण या पानालाच सांगते. तिथे भिंतीवर तक्ता आहे. इतक्या साच्यांना इतकी पावडर, इतक्या पावडरीला इतकं पाणी. आत्तापर्यंत मी सगळं हाताच्या अंदाजानं कालवत आले. तिथे माणसं हाताखाली येणार, ती विचारणार, "बाई, किती?" आणि आकड्यांचं नि माझं जन्माचं वाकडं!

आणि निघाले मुलीला गणित शिकवायला. नवरोबाला खोकला आला तो उगाच नाही.

शनिवार, ११ फेब्रुवारी

सुचलं! कवळीच्या हिरड्या घासताना सुचलं.

उरलेलं गुलाबी अ‍ॅक्रिलिक मालकांना विचारून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत सात खेळाडू केले. अंगठ्याएवढे, खाली जड, धक्का लागला तरी पडायचे नाहीत. गोलरक्षकाचे हात पसरलेले. पांढऱ्या प्लास्टरचे आणखी सात, विरुद्ध संघाचे. पाठीवर कोरून आकडे, तीनपासून नऊपर्यंत. शेजारी बसणारी दात लावता लावता म्हणाली, "बाई, कुणाच्या तोंडात बसवायचे हे?"

घरी आणून टेबलावर मांडले. भिंगरीनं एक उचलून वास घेतला. "आई! हे खेळाडू हिरड्यांचे आहेत!"

"मग? दातओठ खाऊन खेळतील."

खूप दिवसांनी खदखदून हसली.

रविवार, १२ फेब्रुवारी

पहिला सामना. टेबल म्हणजे मैदान, कोटाचं बटण म्हणजे चेंडू, बुटांची खोकी म्हणजे गोल. टिचकीनं बटण ढकलायचं. नियम माझा – एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे पास गेला की दोघांच्या पाठीवरच्या आकड्यांचा गुणाकार सांगायचा. चुकला की बटण पांढऱ्यांचं.

पोटनियम भिंगरीचा. "ज्याच्याकडे पास येतो, त्यानं सांगायचं. आणि तू माझ्याच संघात. एक टिचकी माझी, एक तुझी."

"मग विरुद्ध कोण?"

"पांढरे नुसते उभे राहतील. आपण आधी सराव करू."

म्हटलं, बरं. मोबाईल मांडीवर ठेवला, टेबलाखाली. त्यात गुणाकार करून बघता येतो. शिक्षिकेला उत्तर माहीत हवं ना!

बुधवार, १५ फेब्रुवारी

रोज चालू आहे. मैदानावरून येते, हातपाय धुते आणि स्वतःच टेबल पुसायला घेते! मला "चल ना, चल ना" करून ओढते.

एक मात्र खटकतं. पोरगी आव्हान घेत नाही. मला पास द्यायची वेळ आली की तीनवरून चारला. चारवरून तीनला. फार तर पाचला. सगळे छोटे छोटे पास! मी तिला मुद्दाम मोठे देते. आज सातवरून आठला दिला. ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी टेबलाखाली बघितलं. तोवर तिचं "छप्पन्न?" – असं विचारल्यासारखं.

छप्पन्नच होते.

सातच्या घरात आली की अशी अडखळते. तिथेच कच्ची आहे. सापडलं दुखणं.

रविवार, १९ फेब्रुवारी

नवरोबा पेपर वाचायच्या निमित्तानं टेबलाशी घुटमळत होता. शेवटी न राहवून – "या पांढऱ्यांना कुणी वाली नाही का?"

बसला की! लिफ्टच्या तारा जोडणारी बोटं, टिचकी काय मारतो! पहिल्याच फटक्यात बटण गोलरक्षकाच्या पायांतून आत. उभा राहून दोन्ही हात वर केले त्यानं. नऊ वर्षांच्या पोरीला हरवून!

मग भांडण. हा म्हणे पाच पास झाले, मी म्हणे चार. भिंगरीनं कपाळाला हात लावला. "लिहून ठेवायला हवं. तुमचा दोघांचाही भरवसा नाही."

तेव्हापासून प्रत्येक पास कागदावर. ६ × ४ = २४. ३ × ९ = २७. लिहिणार तीच, आणि स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ चालू असताना. लिहून व्हायच्या आत तिची टिचकीची पाळी आली तर पाळी गेली. बाबा काही तिच्यासाठी थांबत नाही.

"जरा थांब ना, लिहितेय ती!"

"सामन्यात कोण थांबतं?" भिंगरीच म्हणाली.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

यश डोक्यात गेलं माझ्या. फुटबॉलनं सातचा पाढा सुटला, तर टेनिसनं पंधराचा का नाही सुटणार? टीव्हीवर सामना चालूच होता. आम्ही दोघी सोफ्यावर बसून मोठ्यानं गुण म्हटले. सकाळी वेणी घालतानाही म्हणून घेतले.

बुधवार, २२ फेब्रुवारी

बाईंनी वर्गात पंधराचा पाढा विचारला. भिंगरी उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "पंधरा, तीस, चाळीस, गेम!"

वर्गात हशा पिकला म्हणे. एक मुलगा बाकावरून खाली पडला.

चिठ्ठी आली – पाढ्यांकडे घरी लक्ष द्यावे. नवरोबानं ती दोनदा वाचली. आधी वाटलं रागावला. मग दिसलं, खांदे हलताहेत. "गेम!" डोळे पुसत म्हणाला. पण झोपायच्या आधी गंभीर झाला. "हे बघ, गंमत पुरे. मी शिकवणीबाईंकडे नाव सांगून ठेवलंय. नुसतं सांगून ठेवलंय."

मला हसू आलं नव्हतं. कारण भिंगरीचं उत्तर ऐकलं तेव्हा क्षणभर मला ते बरोबरच वाटलं होतं.

भिंगरीला विचारलं, "तुला कळलं नाही का गं, पंधरा त्रिक किती?"

"कळलं ना. पण तू चाळीस सांगितलं होतंस."

जीभ चावली. टेनिस बंद.

रविवार, २६ फेब्रुवारी

परत फुटबॉल. चुकलेला नाद सोडला आणि गाडी रुळावर आली.

आज आम्ही दोघींनी नवरोबाला तीन शून्यनं धुतलं! तिसरा गोल माझा. भिंगरीनं मला सहावरून सातला पास दिला. सहावरून सातला! आणि माझ्या तोंडून निघालं, "बेचाळीस!" बटण आत गेल्यावर लक्षात आलं, मोबाईल आतल्या खोलीत राहिला होता.

भिंगरीनं टेबलाला फेरी मारून मला मिठी मारली, खरीखुरी, गोल झाल्यावर मारतात तशी. आकडा आला म्हणून की गोल झाला म्हणून, कुणास ठाऊक.

पोरीची भीड चेपलीय. पास लांब देऊ लागलीय. माझी मेहनत!

बुधवार, १ मार्च

शिकवणीबाई जिन्यात भेटल्या. "येतेय ना सोमवारपासून? तुमच्या यांनी नाव सांगितलंय."

"परीक्षा होऊ द्या."

"संध्याकाळी वरपर्यंत आवाज येतो तुमचा. भांडता का हो रोज?"

"नाही. गणित करतो."

त्या दोन पायऱ्या चढून परत खाली आल्या. "छप्पन्न छप्पन्न करून ओरडत होतं कोण काल?"

मी होते. पण म्हटलं, मुलगी.

रविवार, ५ मार्च

बुधवारी परीक्षा. आज भिंगरीनं एकच गोष्ट विचारली. "एखादं उदाहरण आलंच नाही तर?"

मी तोंड उघडायच्या आत नवरोबा – "एका चेंडूमागे सगळा संघ धावतो का?"

"नाही."

"मग सोडायचं, पुढचं घ्यायचं. वेळ उरला तर परत यायचं. मीसुद्धा एका अडकलेल्या दारापाशी बसून राहिलो तर इमारतीतली माणसं म्हातारी होतील."

तिनं मान डोलावली. माझ्याशी पैज लावणारा माणूस विरुद्ध बाजूनं खेळायचं विसरला आहे! मी आठवण करून दिली नाही.

मंगळवार, ७ मार्च

हातमोजे उशीखालून काढून तिनं पुन्हा खुंटीला लावले. स्वतःहून. परीक्षेआधीच एवढी खात्री! मला धडकी भरली.

बुधवार, ८ मार्च

कामात लक्ष नव्हतं. एका कवळीला दाढ उलटी बसवली. शेजारी बसणारी म्हणाली, "या आजोबांना आता पाठीमागून चावता येईल."

घरी आले तर भिंगरी मैदानावर जायच्या तयारीत. "कसा गेला पेपर?"

"शेवटचं राहिलं. शिट्टी झाली."

"कसली शिट्टी? घंटा म्हण."

"तेच ते." आणि जिन्यावरून पळाली.

शेवटचं राहिलं! शेवटची उदाहरणं नेहमी जास्त गुणांची असतात.

गुरुवार, ९ मार्च

कारखान्यात फोन आला. गणिताच्या बाई! "उद्या येऊन भेटाल का? जरा वेगळंच झालंय."

"काय झालं?"

"फोनवर नको."

नवरोबाला सांगितलं नाही. टेबलावरचा संघ डब्यात भरून ठेवला. आज कुणी खेळायचं नाव काढलं नाही.

शुक्रवार, १० मार्च

बाईंच्या खोलीत खुर्ची लहान मुलांची, गुडघे हनुवटीला. मी मनात शिकवणीबाईंचा जिना चढत होते.

बाईंनी सुरुवात केली ती अशी – "तुमची मुलगी घंटा झाल्यावर माझ्याकडे आली आणि जादा वेळ मागायला लागली."

"जादा वेळ?"

"पेपर दाखवला. समासात तिनं लिहून ठेवलं होतं. शेजारणीला पेन्सिल दिली तो वेळ. शिपाईकाका सूचना वाचायला आले तो वेळ. खिडकी लागत नव्हती तो वेळ. सगळ्याची बेरीज करून म्हणते, 'बाई, खेळ थांबला होता, एवढी मिनिटं शेवटी मिळायला हवीत.'"

मला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं.

"मी म्हटलं, परीक्षेत असा नियम नाही. मला वाटलं, आता रडेल, भांडेल. तर म्हणाली, 'ठीक आहे, रेफरीचा निर्णय शेवटचा.' पेपर ठेवला. आणि –" बाई थांबल्या. ओठ गच्च मिटलेले. "– आणि माझ्याशी हस्तांदोलन करून गेली. हो! हात पुढे करून! वीस वर्षं शिकवतेय मी. पेपर घेतल्यावर कुणी माझा हात हातात घेतला नव्हता."

मग पेपर माझ्यापुढे सरकवला. चार घड्या नसलेला, सरळ.

एकोणीस!

पंचवीसपैकी एकोणीस. शेवटचं उदाहरण कोरं. बाकी प्रत्येक उत्तराला बरोबरची खूण, सगळं लिहिलेलं, पायऱ्यांसकट. मधे एक अवघड उदाहरण सोडून पुढे गेलेली आणि परत येऊन सोडवलेलं. समासातली बेरीजही बरोबर होती. "या बेरजेला गुण देता येत नाहीत, नाहीतर दिले असते," बाई म्हणाल्या. "तोंडी मला कधीच काळजी नव्हती तिची. लिहायलाच बसायची नाही. काय केलंत घरी?"

"फुटबॉल," मी म्हटलं.

बाईंना वाटलं, मी विषय बदलला.

त्याच दिवशी, नंतर

नवरोबानं पेपर टेबलाच्या मधोमध ठेवला. मग उठून हत्यारांच्या पेटीतून एक शिट्टी काढली. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना वरच्या माणसाला इशारा द्यायला वापरतो ती. घरात, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी वाजवली. एक लांब, मग दोन लांब. सामना संपला!

"करार म्हणजे करार. संध्याकाळ तुझी."

भिंगरी घरभर धावली. दोन्ही हात पसरून, विमान करून, सोफ्यावरून, पलंगावरून. मीही धावले. या वयात! नवरोबा मधे उभा राहून शिट्टी वाजवतोय. दार वाजलं. शिकवणीबाई! वाटलं, आवाजाची तक्रार.

"एकोणीस ना? जिन्यातच ऐकलं. अभिनंदन!" मग घुटमळल्या. "ते गुलाबी खेळाडू म्हणे तुम्ही करता. माझ्याकडची सहा मुलं रोज घड्याळाकडे बघत बसतात हो. मला एक संच मिळेल का?"

मी नवरोबाकडे बघितलं. त्याला पुन्हा खोकला आला.

रविवार, १२ मार्च

शिकवणीबाईंसाठी दुसरा संघ. कारखान्यातली शेजारीणही घरी येऊन बसली मदतीला. तिच्या गोलरक्षकाला तिनं हसरे दात बसवले, खरे, कवळीचे, दोन नंबरच्या मापाचे. डाव्या कोपऱ्यात मारणारा बिचकेल म्हणे.

सोमवार, १३ मार्च

नव्या विभागात आज गोंधळ. सात साचे एकदम ओतायचे होते. नवी आलेली दोघं तक्त्यापुढे उभी. एका साच्याला ऐंशी ग्रॅम पावडर. दोघंही खिशातून मोबाईल काढताहेत, हाताला मेण, काच पुसताहेत.

मी हात धुवायला निघाले होते. जाता जाता म्हटलं, "पाचशे साठ."

मागे वळले तेव्हा कळलं, हे मी बोलले. सातवरून आठला पास, पुढे एक शून्य. विचारसुद्धा केला नव्हता! टेबल दिसलं, बटण दिसलं, आकडा आला. मग पाण्याचंही सांगितलं. दोघांनी तोललं, कालवलं, ओतलं. सातही साचे कसे निघाले – गुळगुळीत, एक बुडबुडा नाही!

मालक दारात उभे होते. त्यांनी या वेळी काही विचारलं नाही. मीच गेले. "तो विभाग मी घेते."

"आणि मुलीचं?"

"मुलगी सुटली."

घरी येताना चालत आले. वाटेत दिसेल त्याचा गुणाकार करत. खिडक्या, खांब, बाकडी. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बाईला लागलंय वेड.

मंगळवार, १४ मार्च

भिंगरीला नव्या कामाचं सांगितलं. मग लाडानं म्हटलं, "आधी किती घाबरायचीस गं! मला नुसते तीनवरून चारला पास द्यायचीस. सातला आलीस की माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस."

ती हातमोजे चढवत होती. दातांनी पट्टा ओढला, मान वर न करता म्हणाली, "मी नव्हते घाबरत. नवीन खेळाडूला आधी छोटेच पास द्यायचे असतात, आई."

आणि गेली मैदानावर.